मीटर आधी, इंजिन नंतर: जुन्या एमजीबीच्या घरगुती पुनर्बांधणीत वापरलेल्या साहित्याचे परीक्षण

माझ्याकडील १९६६ सालच्या एमजीबीचे डॅशबोर्डवरचे मीटर आणि इंजिन मी गेल्या चौदा महिन्यांत घरीच उघडून पुन्हा बांधले. त्या कामासाठी जे साहित्य विकत घेतले, त्यांपैकी काय उपयोगी पडले, काय निराशाजनक ठरले आणि कशामुळे माझा ठरलेला निर्णयच बदलला, याचे हे परीक्षण आहे. एमजीबी ही १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी असल्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात, आणि तिच्यातील १,७९८ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन घरच्या हत्यारांनी उघडता येण्याइतके सरळ आहे. तिच्यातले स्मिथ्स या कंपनीचे मीटर त्या काळातील इतर कित्येक ब्रिटिश गाड्यांतही बसवलेले असल्यामुळे पुढील निरीक्षणे केवळ एमजीबी बाळगणाऱ्यांपुरती मर्यादित राहू नयेत.

काम हाती घेतले तेव्हा माझा क्रम नेमका उलटा होता. गाडी निळसर धूर सोडत होती, आणि इंजिन तापल्यावर ऑइल प्रेशरचा काटा चालत्या गाडीत ३६ पौंडांच्या आसपास राहून गाडी जागेवर उभी असताना थेट शून्याच्या खुंटीला टेकत होता. या इंजिनासाठी चालत्या स्थितीत ५० ते ८० पौंड आणि आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन चालू असताना, १० ते २५ पौंड प्रति चौरस इंच असा दाब अपेक्षित असतो. त्यामुळे बेअरिंग झिजून तेल त्यांच्या वाढलेल्या फटींतून निसटते आहे, क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य दांडा, घासून घ्यावा लागणार आणि कमी मापाची शेल, म्हणजे बेअरिंगची पातळ अस्तरे, बसवावी लागणार, हे मी गृहीतच धरले होते. मीटर म्हणजे शेवटी सावकाश करायचे, शोभेचे काम, अशी माझी समजूत होती. ती समजूत ज्या वस्तूने मोडली, तिच्यापासूनच सुरुवात करतो.

ती वस्तू म्हणजे दाब तपासण्याचा छोटा हातपंप, सोबत खात्रीचा संदर्भमीटर आणि तीन तोंडांचा पितळी जोड. पंपाचा दट्ट्या दाबला की हवेचा सारखाच दाब एका बाजूने संदर्भमीटरला आणि दुसऱ्या बाजूने आपल्या गाडीच्या मीटरला मिळतो, आणि दोन्ही काटे शेजारी शेजारी ठेवून वाचता येतात. ऑइल प्रेशरच्या यांत्रिक मीटरमध्ये चंद्रकोरीसारखी वाकवलेली, चपट्या छेदाची बूर्दाँ नळी असते. यूजीन बूर्दाँ या फ्रेंच अभियंत्याने १८४९ साली तिचे पेटंट घेतले आणि तत्त्व आजही तेच आहे: आतला दाब वाढला की नळी किंचित सरळ होऊ पाहते, आणि तिच्या टोकाची ती सूक्ष्म हालचाल दातेरी पट्टीच्या साहाय्याने काट्यापर्यंत पोहोचते. नळीला आत हवा आहे की तेल याच्याशी देणेघेणे नसते, म्हणून ही तपासणी टेबलावर, हात न माखता करता येते.

मी खरा दाब २०, ४०, ६० आणि ८० पौंड असा चढवत नेला. माझ्या मीटरने अनुक्रमे ६, २७, ४६ आणि ६६ पौंड दाखवले. आकडे वहीत एकाखाली एक लिहिल्यावर गोष्ट उघड झाली: चूक सगळीकडे जवळपास सारखीच, म्हणजे १३ ते १४ पौंडांची होती. चूक दाबाच्या प्रमाणात वाढत गेली असती, तर नळी थकली आहे किंवा आतल्या दांडीची लांबी बिघडली आहे असे म्हणता आले असते. सर्वत्र सारखी चूक याचा अर्थ एवढाच, की पूर्वी कधीतरी कोणीतरी काटा काढला होता आणि परत बसवताना तो आसावर थोडा मागे बसवला होता. मग शून्यावर तो बरोबर कसा दिसत होता? तबकडीवर शून्यापाशी एक बारीक खुंटी असते आणि दाब नसताना काटा तिच्यावर रेलून राहतो. खुंटी नसती तर माझा काटा शून्याच्याही बराच खाली जाऊन थांबला असता. खुंटीने ती चूक झाकली होती, आणि मी मात्र दर वेळी गाडी बंद केल्यावर काटा शून्यावर आलेला पाहून मीटर ठीक असल्याचा निर्वाळा देत होतो.

म्हणजेच इंजिन तापल्यावर खरा दाब ३६ नव्हे तर ५० पौंड होता, आणि आयडलिंगलाही तो शून्यच असेल असे नव्हते, काटा खुंटीला टेकलेला असताना तो चौदा पौंडांपर्यंत कितीही असू शकत होता. चालत्या गाडीतला आकडा खालच्या मर्यादेपाशी असला, तरी मर्यादेच्या आत होता. या एका तपासणीमुळे माझ्या क्रँकशाफ्टचे धातुकाम टळले, आणि एकदा घासून काढलेला धातू परत येत नसल्यामुळे त्याचे मोल मला फार वाटते. हातपंपाची घडण साधीच आहे, त्याचा झडपेचा वॉशर ८० पौंडांच्या वर हळूहळू दाब सोडतो आणि वाचन चटकन घ्यावे लागते, पण संदर्भमीटर चांगला घेतला तर बाकी उणिवा सहन करता येतात. या कामासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर ही घ्यावी.

काटा काढण्यासाठी मी दोन पातळ चपट्या तरफांची छोटी जोडी वापरली, जी घड्याळजी वापरतात. काट्याच्या दोन्ही बाजूंना तबकडीवर जाड कागदाचे तुकडे ठेवून दोन्ही तरफा एकाच वेळी हलकेच दाबल्या की काटा सरळ वर येतो. एकाच बाजूने उचकटले तर आस वाकतो आणि मग तो मीटर कायमचा गेला. परत बसवताना शून्य पाहून बसवू नये. पंपाने ६० पौंड दाब धरून ठेवावा आणि काटा ६० च्या खुणेवर बसवावा, कारण गाडी चालत असताना आपल्याला बहुतेक वेळ तिथलेच वाचन हवे असते.

आता तापमानाच्या मीटरकडे येतो, कारण सर्वांत नाजूक काम तेच होते आणि त्यासाठी घेतलेले साहित्य सर्वांत विचारपूर्वक निवडावे लागते. माझ्या गाडीत ऑइल प्रेशर आणि पाण्याचे तापमान एकाच गोल घरात, दोन स्वतंत्र काट्यांनी दाखवले जाते. तापमानाच्या बाजूला सिलिंडर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, बसणारा पितळी कंद, त्यापासून निघणारी केसासारख्या पोकळीची लांब तांब्याची नळी आणि टोकाला पुन्हा एक बूर्दाँ नळी अशी बंद रचना असते. कंदात थोडे ईथर भरलेले असते. ईथर ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी जसे तापत जाते तसा त्याच्या वाफेचा दाब वाढत जातो, १०० अंशांना तो वातावरणाच्या दाबाच्या सहापटींहून अधिक होतो. हा दाब तापमानाबरोबर सरळ रेषेत न वाढता वरच्या टोकाला झपाट्याने वाढतो, म्हणूनच अशा मीटरच्या तबकडीवर थंड बाजूच्या खुणा दाटीने आणि गरम बाजूच्या खुणा ऐसपैस असतात. मला ही रचना मनापासून आवडते, कारण इथे वीज नाही, सेन्सर नाही, केवळ एका द्रवाचा स्वभाव मोजपट्टीसारखा वापरलेला आहे.

हेड उतरवण्याआधी कंद बाहेर काढावा लागतो आणि माझ्या हातून घात इथेच झाला. कंदाला धरून ठेवणारा पितळी नट अनेक वर्षांच्या क्षाराने कंदाला चिकटला होता. पाना फिरवताच नटाबरोबर कंदही फिरला, नळीला पीळ पडला आणि ती कंदापासून दोन बोटांवर तुटली. ईथरचा उग्र गोड वास आला आणि काटा गेला तो गेलाच. नट सैल करण्याआधी दोन दिवस त्यावर गंज सोडवणारे तेल मुरू द्यायला हवे होते, आणि पाना फिरवताना नळी नटासोबत फिरते आहे का यावर दुसऱ्या कोणाला तरी नजर ठेवायला सांगायला हवे होते.

यावरचा उपाय जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांमध्ये बऱ्याच काळापासून प्रचलित आहे: नवा, स्वस्त, यांत्रिक तापमानमीटर घ्यायचा, त्याचा कंद आणि नळी शाबूत ठेवून मीटरचा भाग कापून टाकायचा आणि ती नळी आपल्या जुन्या मीटरच्या उरलेल्या नळीला डाख देऊन जोडायची. मी घेतलेला दाता मीटर दिसायला अगदी सुमार होता, त्याची तबकडी वाकडी छापलेली आणि कडे पत्र्याचे होते, पण आपल्याला हवा असतो तो फक्त कंद, आणि तो व्यवस्थित होता. विकत घेण्याआधी तीन गोष्टी मात्र पाहाव्यात: मीटर खरोखर यांत्रिक आहे का, नळी आपल्या गाडीला पुरेल इतकी लांब आहे का, आणि कंदाचा व्यास हेडमधील भोकात जातो का. माझ्या पहिल्या खरेदीत तिसरी गोष्ट राहून गेली आणि कंद भोकात शिरेना, म्हणून दुसरा मीटर मागवावा लागला. विक्रेत्याच्या वर्णनात कंदाचा व्यास दिलेलाच नव्हता. अशा वस्तूच्या वर्णनात पहिले तेच माप असायला हवे.

जोडणीची कृती सविस्तर सांगतो, कारण दाता मीटरसोबत येणाऱ्या कागदात ती नसते. बर्फाच्या चुऱ्यात भरपूर मीठ मिसळले की त्याचे तापमान शून्याच्या बरेच खाली उतरते. त्यात कंद पूर्ण बुडवून मी अर्धा तास थांबलो, म्हणजे सगळे ईथर द्रवरूपात कंदात जमा होते आणि त्याच्या वाफेचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी कमी राहतो, त्यामुळे नळी कापल्यावर ईथर उसळून बाहेर येत नाही. नळी पक्कडीने कापू नये, पोकळी चेपली जाते. बारीक कानशीने भोवताली खाच पाडून हलकेच मोडावी. मग दोन्ही टोके एका छोट्या पितळी नळकांड्यात समोरासमोर टेकवून, नळकांड्याच्या दोन्ही तोंडांशी बाहेरून डाख द्यावा, आणि डाख आत झिरपून पोकळी बुजवणार नाही इतकाच वापरावा. हे सगळे उघड्या हवेत, विजेच्या डाखणीने आणि कंद शेवटपर्यंत बर्फातच ठेवून करावे. ईथर अतिशय ज्वालाग्राही आहे आणि त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साठते, म्हणून आसपास ज्योत, ठिणगी किंवा चालू मोटार असता कामा नये. ज्यांना या अटी पाळणे शक्य नाही त्यांनी हे काम जाणकाराकडे सोपवावे, यात माझ्या मनात किंतु नाही.

डाख थंड झाल्यावर कंद बर्फातून काढला आणि कोमट पाण्यात धरला. काही क्षण काहीच झाले नाही. मग काटा अगदी किंचित थरथरला आणि खुंटी सोडून वर चढू लागला. पुढे मी पातेल्यात पाणी तापवून, प्रयोगशाळेत वापरतात तसा काचेचा थर्मामीटर कंदाशेजारी लटकवून ६०, ७०, ८० आणि ९० अंशांना वाचने घेतली. केवळ उकळत्या पाण्यावर भिस्त ठेवू नये, कारण उंचीवरच्या ठिकाणी पाणी १०० अंशांच्या आधीच उकळते. ९० अंशांना माझा मीटर सुमारे ३ अंश कमी दाखवतो. ही चूक काटा हलवून घालवता आली असती, पण मग ७० अंशांना तो जास्त दाखवू लागला असता, म्हणून मी ती तशीच ठेवली आणि लक्षात ठेवली.

विजेवर चालणारा इंधनाचा मीटर निराळ्या जातीचा आहे. त्यात दोन धातूंच्या जोडपट्टीभोवती तार गुंडाळलेली असते. विजेने तार तापते, पट्टी वाकते आणि काटा संथपणे वर सरकतो. गाडीतील व्होल्टेज वरखाली झाले तरी वाचन स्थिर राहावे म्हणून त्याला सरासरी १० व्होल्ट पुरवणारा स्टॅबिलायझर असतो, जो मूळच्या रचनेत वीज चालू-बंद करत ही सरासरी साधतो. डिजिटल मल्टीमीटर लावला तर आकडे नुसते नाचताना दिसतात आणि स्टॅबिलायझर बिघडला असा गैरसमज होतो. मूळचा भाग खरोखरच निकामी झाला असेल तर त्याच आकाराच्या डबीत इलेक्ट्रॉनिक नियामक बसवलेले पर्याय मिळतात.

मी घेतलेल्या अशा पर्यायाबद्दल माझी स्पष्ट तक्रार आहे. १९६६ च्या एमजीबीत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. इलेक्ट्रॉनिक नियामकाला ही दिशा बरोबर मिळाली नाही तर तो क्षणात जळतो, मूळच्या जोडपट्टीच्या स्टॅबिलायझरला मात्र तिचे काही वाटत नाही. मला आलेल्या डबीवर किंवा पाकिटावर तो कोणत्या जोडणीसाठी आहे याचा उल्लेखच नव्हता. विक्रेत्याला विचारले तेव्हा तो ऋण टोक सांगाड्याला असलेल्या गाडीसाठीचा निघाला. सुदैवाने मी आधी विचारले. बदलून मिळालेला दुसरा नियामक उत्तम चालतो आणि इंधनाचा काटा आता वळणावर डोलत नाही, पण ज्या वस्तूची एक चुकीची जोडणी तिचा अंत करते, तिच्यावर एक ओळ छापण्याचे कष्ट विक्रेत्याने घ्यायलाच हवेत.

स्पीडोमीटरचे काम त्या मानाने आनंदाचे होते. त्यात केबलने फिरणारा चुंबक ॲल्युमिनियमच्या एका हलक्या भांड्याला स्पर्श न करता ओढतो आणि केसासारखी स्प्रिंग त्याला मागे खेचते. या दोहोंच्या तोलावर काटा थांबतो. केबलला वरपर्यंत भरपूर ग्रीस भरण्याची सवय वाईट, कारण ते ग्रीस हळूहळू चढत मीटरमध्ये जाते, भांड्याला चिकटते आणि वेग खोटाच जास्त दिसू लागतो. माझ्या मीटरमध्ये नेमके तेच झाले होते. तबकडीच्या खालच्या भागात बारीक अक्षरांत १२८० असा आकडा आहे, म्हणजे एका मैलाला केबलचे १,२८० फेरे. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, म्हणून केबल मिनिटाला १,२८० फेरे फिरली की काटा बरोबर ६० वर यायला हवा. मी ड्रिलने मीटर फिरवला आणि ड्रिलच्या तोंडावर चमकती पट्टी चिकटवून प्रकाशकिरणाने फेरे मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने वेग धरला. स्वच्छ करण्याआधी काटा ६७ वर होता, नंतर ६१ वर आला. फेरे मोजणारे हे यंत्र छोटे, अचूक आणि वापरायला सोपे निघाले. इंजिनाचा आयडलिंगचा वेग ठरवतानाही तेच कामी आले, त्यामुळे त्याची शिफारस मी निःसंकोच करतो.

तबकड्यांवर चिकटवायच्या नव्या छापील चकत्यांची शिफारस मात्र करणार नाही. छायाचित्रात त्या देखण्या दिसतात. प्रत्यक्षात त्यांचा काळा रंग जास्त चकाकतो, आकड्यांची जाडी मूळच्यापेक्षा किंचित अधिक आहे आणि चकतीच्या जाडीमुळे काट्याची शेपटी एका ठिकाणी घासू लागली. मूळची तबकडी थोडी विटलेली असली तरी मऊ कुंचल्याने धूळ झटकून तशीच ठेवावी, तिला पाणी किंवा स्पिरिट लावू नये, छपाई सुटते. काच आणि कड्यामधील रबरी गोल आणि दिव्यांवरच्या हिरव्या टोप्या यांचा संच मात्र चांगला निघाला. कडे काढताना ते पिळून नव्हे, तर आतल्या बाजूच्या जिभल्या घराच्या खाचांसमोर येईपर्यंत फिरवून काढायचे असते, आणि कडक झालेला जुना रबर आधी मऊ करून घेतला तर ते हाताने फिरते. एक सावधगिरीची गोष्ट याच ओघात सांगितली पाहिजे: दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तयार झालेल्या काही गाड्यांच्या घड्याळांवर आणि मीटरवर रेडियमचा रंग वापरलेला असतो. त्याची चमक गेली तरी किरणोत्सार जात नाही, रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. असा मीटर घरी उघडू नये.

मीटर विश्वासार्ह झाल्यावरच मी इंजिनाला हात लावला. कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये पिस्टनने तयार होणारा दाब, तपासले तेव्हा चार सिलिंडरांचे आकडे १५०, १४५, १०५ आणि १४८ पौंड आले. तिसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजल्यावर आकडा १४० वर गेला. तेलाने पिस्टनभोवतीची फट काही वेळ बुजली, म्हणजे गळती व्हॉल्व्हकडून नसून पिस्टनच्या रिंगकडून होती. हेड आणि तळाचे ताट काढून पिस्टन बाहेर घेतला, तेव्हा त्याच्या दोन रिंग किटणाने खाचेत पक्क्या बसलेल्या दिसल्या. धुराचे कारण तिथे होते, बेअरिंगमध्ये नव्हते.

बेअरिंगबद्दल मीटरने जे सांगितले ते पडताळण्यासाठी मी प्लास्टिगेज वापरला. हा मेणासारख्या पदार्थाचा बारीक धागा असतो. बेअरिंगचे टोपण काढून जर्नल, म्हणजे क्रँकशाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, आणि शेल तेल न ठेवता पुसायचे, धाग्याचा तुकडा जर्नलवर आडवा, म्हणजे आसाच्या दिशेने ठेवायचा, टोपण ठरलेल्या टॉर्कने आवळायचे आणि पुन्हा उघडायचे. चेपलेला धागा जितका रुंद, तितकी फट कमी, आणि ती रुंदी पाकिटावर छापलेल्या पट्ट्यांशी जुळवून वाचायची. हिरव्या रंगाचा धागा ०.०२५ ते ०.०७६ मिलिमीटर फट मोजतो, आणि या इंजिनाच्या मेन बेअरिंगची मान्य फट ०.०२५ ते ०.०६८ मिलिमीटर असल्याने तोच इथे योग्य. मेन बेअरिंगचे बोल्ट ७० फूट-पौंडांना, म्हणजे सुमारे ९५ न्यूटन-मीटरला आवळायचे, आणि मधल्या वेळात क्रँकशाफ्ट केसभरही फिरू द्यायचा नाही, नाहीतर धागा फराटा होऊन पसरतो.

पहिले टोपण उघडले तेव्हा जर्नलवर धाग्याची सपाट, हिरवी, कडा अगदी सरळ असलेली फीत उमटली होती. पाकिटावरची पट्टी तिच्याशेजारी धरली, तर ती ०.०५१ च्या खुणेशी तंतोतंत जुळली. पाचही बेअरिंगवर असेच झाले, केवळ मधल्या बेअरिंगवर फीत जरा अरुंद, म्हणजे फट थोडी जास्त, पण मर्यादेत. फितीची रुंदी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखी असेल तर जर्नल निमुळता झालेला नाही, हेही त्याच एका नजरेत कळते. महागडा मायक्रोमीटर नसलेल्या माणसाला इतक्या साध्या वस्तूने इतके नेमके उत्तर द्यावे, याबद्दल मला या धाग्याविषयी खरा आदर वाटतो. जर्नल किती लंबगोल झाला आहे हे मात्र तो एका वाचनात सांगत नाही, त्यासाठी क्रँकशाफ्ट पाव फेरा फिरवून, नवा तुकडा घालून पुन्हा मोजावे लागते. पाकीट जुने असेल तर धागा ठिसूळ होतो, म्हणून ताजेच घ्यावे.

बाकी साहित्य थोडक्यात उरकता येईल. क्रँकशाफ्ट न घासता मूळ मापाची नवी शेल आणि नव्या रिंग बसवल्या. सिलिंडर घोटण्याचे तीन दगडांचे हत्यार ठीक आहे, पण घोटल्यानंतर सिलिंडर पेट्रोलने नव्हे तर साबण आणि गरम पाण्याने धुवावे, आणि पांढरे फडके फिरवून ते पांढरेच बाहेर येईपर्यंत धूत राहावे, हे हत्यारासोबतच्या कागदात लिहिलेले नाही आणि तिथेच पुष्कळ नव्या रिंग खराब होतात. गॅस्केटच्या संचात हेडचे गॅस्केट उत्तम होते, तळाच्या ताटाचे कॉर्क मात्र इतके सुकलेले होते, की वाकवताच तडकले. ते स्वतंत्र घ्यावे लागले. व्हॉल्व्ह उघडणारे कॅमशाफ्ट आणि टॅपेट मी जुनेच वापरले, प्रत्येक टॅपेट आपापल्या जागी परत जाईल अशा क्रमांकाच्या डब्यांत ठेवून. दाट, मॉलिब्डेनमयुक्त जोडणी-वंगण आणि जस्त-फॉस्फरसचे पुरेसे प्रमाण असलेले २०डब्ल्यू-५० तेल यांत काटकसर करू नये, कारण या जुन्या घडणीच्या सपाट टॅपेटना त्याच थराचे संरक्षण असते.

तेलाचा पंप बसवताना त्यात व्हॅसलीन भरले, म्हणजे तो पहिल्याच फेऱ्यांत तेल ओढू लागतो. मग चारही स्पार्क प्लग काढून, इंजिन न पेटवता, फक्त स्टार्टरने फिरवले. दुरुस्त केलेला मीटर डॅशबोर्डवर नव्या रबरासह बसला होता. आठ-दहा सेकंद काटा खुंटीवरच होता. मग तो उठला आणि थांबत थांबत ४० पौंडांवर गेला. संदर्भमीटर मी इंजिनाच्या बाजूला तीन तोंडांच्या त्याच पितळी जोडावर लावून ठेवला होता, त्यावर ४१ होते. हे दोन आकडे जुळल्यानंतरच मी प्लग बसवून इंजिन पेटवले.

पहिला तासभर चालवून, थंड झाल्यावर हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने पुन्हा तपासले आणि व्हॉल्व्हची फट ०.३८ मिलिमीटरला लावली. त्यानंतर आतापर्यंत गाडी सुमारे दीड हजार किलोमीटर चालली आहे. तेल तापल्यावर चालत्या गाडीत ६२ पौंड आणि आयडलिंगला २२ पौंड असे वाचन स्थिर आहे, धूर थांबला आहे, आणि तापमानाचा काटा चढावर ८५ अंशांपाशी येऊन थांबतो, तेव्हा मी त्यात मनातल्या मनात ३ अंश मिळवतो. डाख दिलेल्या सांध्यावर दर महिन्याला साबणाचे पाणी लावून पाहतो, अजून एकही बुडबुडा आलेला नाही. मधल्या मेन बेअरिंगवरची ती अरुंद फीत मात्र मी वहीत चिकटवून ठेवली आहे, आणि आणखी दहा हजार किलोमीटरनंतर तळाचे ताट काढून त्याच जागी हिरव्या धाग्याचा नवा तुकडा ठेवणार आहे.